पूर्णवेळ लेखक, पण कोणाच्या पगारावर?

माझ्या लेकीला श्राव्य मालिका काढणाऱ्या एका कंपनीकडून बोलावणं आलं आहे. मराठीत लिहायचं, भागागणिक पैसे, आणि काम इतकं की हिंजवडीतली नोकरी सांभाळून ते जमणार नाही. तिला नोकरी सोडायची आहे. माझ्या माहेरी लिहिणारी माणसं दोन, आणि या बाबतीत त्या दोघांचं कधीच पटलेलं नाही. आत्या टपाल खात्यातून निवृत्त झाली. काउंटर सांभाळून तिने दिवाळी अंकांतून कथा लिहिल्या. त्यांचे संग्रहही निघाले. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, औषध कंपनीतली नोकरी सोडून टीव्हीच्या मालिकांचे संवाद लिहितो. दोघांना एकदा समोरासमोर बसवून विचारावं म्हणून मी त्यांना ठाण्याला आत्याच्या घरी गाठलं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वही घेऊनच बसले. बोलणं बरंचसं जसं झालं तसं दिलं आहे. एकमेकांना मारलेले काही टोमणे गाळले, सगळे नाही गाळले.

आत्या: पैसे किती देणार म्हणाले?

मी: सगळं धरून तिच्या आत्ताच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास.

दादा: मग चांगलंच आहे की! मला सुरुवातीला एवढेही नव्हते.

आत्या: आणि हातात कधी पडणार?

दादा: आमच्याकडे बिल दिल्यावर नव्वद दिवसांनी. या लोकांचं काय आहे ते तिला विचारून घ्यायला सांग.

आत्या: म्हणजे चैत्रात लिहिलेलं आषाढात. आणि मधेच मालिका बंद पडली तर?

दादा: लिहिलेल्याचे मिळतात, न लिहिलेल्याचे मिळत नाहीत. आत्या, दर गुरुवारी टीआरपी येतो. दोन-तीन गुरुवार आकडा पडला की गोष्ट वळवायला सांगतात. तरी पडला की लेखक बदलतात. तरीही पडला की मालिका गुंडाळतात. पोस्टात असं नव्हतं, कबूल. पण तू दिवसभर मनिऑर्डरी मोजल्यास आणि रात्री डोळे चोळत लिहिलंस. तुझी ती कादंबरी कुठे आहे? 'टपालहशील' नाव ठेवलं होतंस ना?

(या कादंबरीचा विषय आमच्या घरात सहसा कोणी काढत नाही. दादाने काढला, म्हणजे तो आज जिंकायला आला होता.)

आत्या: नाही झाली. कथा झाल्या. कामावरून आल्यावर जो वेळ उरायचा त्यात कथाच मावायची. खरं सांगू, मराठीत कथा एवढी फोफावली ती आम्हा नोकरदारांमुळेच, असं मला वाटतं. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि पुढे सगळ्यांनीच तो पायंडा उचलला. जूनमध्ये संपादकाचं पत्र यायचं, ऑगस्टपर्यंत कथा द्यायची. वर्षाला एक मुदत, आणि ती पाळायला रविवार. वपु काळे वास्तुविशारद होते, पाडगावकर आणि दळवी अमेरिकन माहिती खात्यात, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत. नारायण सुर्वे शाळेत आधी शिपाई आणि मग मास्तर. यांतल्या कोणाचं लिहिणं तुला हौशी वाटतं?

दादा: हौशी नाही म्हणत. पण बघ, तूच म्हणालीस, वेळ तेवढा म्हणून कथा. म्हणजे काय लिहायचं ते ऑफिसने ठरवलं.

आत्या: आणि तुझं कोण ठरवतं? चॅनेल!

इथे आत्या जिंकली असं मला वाटलं होतं. पण दादा हसला आणि त्याने त्याच्या कामाची उतरंड सांगितली. ती मला नवी होती. मालिकेची कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी आठवड्याच्या भागांची एकेका ओळीतली गोष्ट तयार होते. ती चॅनेलकडे जाते, तिथे मान्य होते किंवा होत नाही. मग प्रसंगवार पटकथा, आणि मग ती रात्री उशिरा दादाकडे. सकाळी सेटवर कलाकारांच्या हातात त्याची पानं पडायला हवीत. सोमवार ते शनिवार दाखवायची मालिका असेल तर आठवड्याला सहा भाग. नायिका आजारी पडली की ती ज्या ज्या प्रसंगात आहे तो तो बदलायचा, आणि ती कुठे गेली हे सासूच्या तोंडून वदवायचं.

आत्या: हे पोळीभाजी केंद्र झालं रे. रोज शंभर डबे, आणि रोज तीच बटाट्याची भाजी.

दादा: असेल. पण शंभर डबे करणाऱ्या बाईचा हात कसा बसलेला असतो ते पाहा. एखादी बाई ओट्याशी पाठमोरी उभी राहून एकच वाक्य बोलते आणि घरातल्या चौघांना ते चार तऱ्हांनी लागतं, असं वाक्य मला आज बसल्या बैठकीला सुचतं. ते कोणत्या शिबिरात शिकलो नाही, रोज पानं पाडून शिकलो. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं १८९० मध्ये. त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' हप्त्याहप्त्याने आलं. एवढी मोठी कादंबरी कशी झाली? हप्ता मागणारं साप्ताहिक डोक्यावर होतं म्हणून.

आत्या: साप्ताहिक त्यांचं स्वतःचं होतं. आणि पोटासाठी ते आनंदाश्रमाची व्यवस्था बघत होते. हे सोयीस्करपणे विसरलास.

दादा: बरं, मामा वरेरकर घे. तुझ्याच खात्यातले. पोस्टातली नोकरी सोडली आणि नाटकं लिहिली.

आत्या: कारण तेव्हा नाटक मंडळ्या होत्या! वरेरकरांनी नोकरी सोडून हवेत उडी नाही मारली.

दादा: मी तरी कुठे हवेत मारली? मी तेच सांगतोय. गडकरी किर्लोस्कर मंडळीत होते. खांडेकरांनी १९२० पासून शिरोड्याला मास्तरकी केली. १९३८ मध्ये कोल्हापूरला आले, तिथे सिनेमा होता. अत्र्यांचं नाटक, सिनेमा, वर्तमानपत्र असं तिहेरी चाललं. या भाषेत पुस्तकावर पोट भरलेलं कोणी दाखव.

आत्या: बाबूराव अर्नाळकर?

दादा: हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या तेव्हा! ते सोडून सांग.

पुस्तकाचा हिशेब मी वहीत मांडला. तीनशे रुपयांची कादंबरी, १० टक्के मानधन, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हजाराची आवृत्ती सगळीच्या सगळी खपली तर ३०,००० रुपये. लिहायला दीड वर्ष लागलं असं धरलं तर महिन्याला १,६६६. आणि हे आवृत्ती खपल्यावर; ती खपायला लागणारी वर्षं मी धरलेली नाहीत. शिवाय हजाराची आवृत्तीही आता सगळे प्रकाशक काढत नाहीत, तीनशे-पाचशे छापून अंदाज घेतात. वही मी दोघांपुढे सरकवली. या एका बाबतीत दोघांनीही माना डोलावल्या. म्हणजे वाद पुस्तक लिहून जगता येईल का हा नव्हताच. पुस्तक लिहिणाऱ्याने बाकीचा वेळ कशाला विकायचा, हा होता. मला तो तेव्हा नीट दिसला.

दादा: म्हणूनच म्हणतो, वेळ विकायचाच आहे तर लिहिण्याच्या जवळच्या कामाला विकावा. गोनीदा पाहा. तळेगावात राहिले, लेखणीवर जगले. 'पडघवली', 'शितू', 'माचीवरला बुधा', किल्ल्यांवरचं लिखाण. ही नोकरी करून झाली असती?

आत्या: गोनीदा लहानपणीच घर सोडून देशभर भटकलेला माणूस. त्यांची गरज किती आणि तुझ्या भाचीचा पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता किती! आणि नुसते गोनीदा सांगू नकोस. अण्णा भाऊ साठ्यांचंही सांग. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, तिला सरकारचा पुरस्कार मिळाला. पस्तिसेक कादंबऱ्या लिहिल्या. कथांवर सिनेमे निघाले. आणि १९६९ मध्ये माणूस गेला तो गरिबीतच.

दादा: ते नोकरी नव्हती म्हणून नव्हे. त्यांच्या लिहिण्यातून पैसा झाला, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

आत्या: हिशेब मागणार कोण? ज्याच्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत त्याला हिशेब मागता येत नाही. मी सांगते तुला. एका संपादकाने माझ्या कथेचा शेवट परस्पर गोड करून छापायला घेतला होता. मी कथा परत मागितली. दिली त्याने. माझी त्याच्यावाचून चूल अडत नव्हती म्हणून मला ते जमलं. तुला तुझा एखादा भाग असा परत मागता येईल?

दादा: नाही.

आत्या: मग?

दादा: पण आत्या, तू ज्याला स्वातंत्र्य म्हणतेस ते वर्षाला दोन कथांचं आहे. माझ्याकडे स्वातंत्र्य कमी, पण लिहिणं दिवसाला दहा पानं. दळवींचंच घे. नोकरीत होते तेव्हा लिहिलंच. पण सत्तरच्या दशकात स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यानंतर 'बॅरिस्टर', 'पुरुष', 'नातीगोती' आली. नाटकाला प्रयोगागणिक पैसे मिळतात.

आत्या: 'चक्र' आणि 'संध्याछाया' नोकरीत असताना लिहिलं. दळवी माझे.

दादा: अर्धे तुझे.

दळवी दोघांनी वाटून घेतले आणि मी चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरातून ऐकत होते. आता विषय बदलला होता, आणि मला वाटतं आजच्या मुलांना हाच भाग जास्त कामाचा आहे.

दादा: खरी भीती वेगळीच आहे. मालिका नसायची तेव्हा मी काय करायचो? भाषांतरं, जाहिराती, बँकेची माहितीपत्रकं. एका कारखानदाराच्या आत्मचरित्राचं शब्दांकन केलं, त्यावर दोन पावसाळे काढले. पूर्णवेळ लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हे आडकाम असतं, कोणी बोलत नाही इतकंच. आता भाषांतर यंत्र करतं. ते दुरुस्त करायला माझ्याकडे येतं, नव्या कामाच्या निम्म्याहून कमी दराने. आणि कधीकधी ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणं सोपं असतं.

आत्या: म्हणजे अडीनडीची भाकरीच गेली म्हण.

दादा: गेली नाही, पातळ झाली. म्हणून तिने नुसतं 'मला लिहिता येतं' एवढ्यावर नोकरी सोडू नये. ते आता बऱ्याच जणांना येतं आणि यंत्रालाही येतं. गोष्ट लांबवता येते का, चाळीस भाग माणसाला कानाशी धरून ठेवता येतं का, ते बघावं. ते येत असेल तर सोडावी.

(दादाकडून हे ऐकणं मला अनपेक्षित होतं. दादा 'सोडावी' म्हणणार हे माहीत होतं. त्याच्या आधी 'तर' येईल असं वाटलं नव्हतं.)

आत्या: एक गोष्ट तुला कधीच कळली नाही, कारण तू पुरुष आहेस. मला पोस्टाने पगार दिला तो मोठा नव्हता. पण त्या पगारामुळे घरात माझ्या टेबलाला टेबल म्हणायला लागले. नोकरी लागण्याआधी मी लिहायला बसले की आई म्हणायची, बसलीच आहेस तर शेंगा सोल. नोकरी लागल्यावर तीच आई म्हणायची, दमून आलीय, लिहू दे तिला. आता ही पोरगी घरी बसून लिहिणार. गॅसवाला आला, दार कोण उघडेल? कुरिअर कोण घेईल? 'तू घरीच असतेस ना?' हे वाक्य तिला दिवसातून किती वेळा ऐकावं लागेल, माहीत आहे?

दादा: मीही घरीच बसून लिहितो.

आत्या: तुझ्या घरी दार कोण उघडतं?

दादा काही बोलला नाही. उत्तर मला माहीत होतं. दार वहिनी उघडते. आणि दादाने नोकरी सोडली तेव्हाची पहिली काही वर्षं घर वहिनीच्या शाळेच्या पगारावर चाललं होतं. दादा 'लेखणीवर जगलो' म्हणतो तेव्हा खोटं बोलत नाही. फक्त ती वर्षं त्याच्या मोजणीत येत नाहीत. आमच्या घरातला 'पूर्णवेळ लेखक' हा प्रत्यक्षात दोन माणसांनी मिळून चालवलेला उद्योग होता आणि नाव एकाचं लागलं. हे मी तिथे बोलून दाखवलं. दादा रागावेल असं वाटलं होतं.

दादा: खरं आहे. वहिनीला विचार, ती तुला महिनेही सांगेल. पण ते कर्ज होतं आणि ते मी फेडलं. तिने मुदतपूर्व निवृत्ती घेतली ती माझ्या मालिकांवर.

आत्या: आणि पोरीला असं कर्ज कोण देणार? जावई?

मी: मी देईन.

हे माझ्या तोंडून निघून गेलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. वहीत मी तोवर तिचा हप्ता, किराणा, विमा असं सगळं लिहून काढलं होतं, त्याला बाराने गुणलं होतं, आणि तो आकडा माझ्या ठेवीत बसत होता. सल्ला मागायला गेले आणि त्या दोघांच्या वादात मीच सावकार होऊन बसले. माझं मत विचाराल तर दादाचं म्हणणं बरोबर आहे की हात रोज लिहूनच बसतो, आणि आत्याचंही बरोबर आहे की नाही म्हणायची ताकद पगारातून येते. पण दोघांचंही जमलं ते कोणाच्या तरी पैशावर: आत्याचं खात्याच्या, दादाचं बायकोच्या. तो पैसा कोणाचा हे आधी ठरवून मगच राजीनामा लिहावा, एवढं मी लेकीला सांगणार होते. तेवढ्यात तिने करार पाठवला. फोनवर आला, पंधरा पानांचा, इंग्रजीत.

आत्याने चष्मा बदलला. पोस्टातल्या माणसाला छापील कागद वाचायचा कंटाळा नसतो. तिने पहिल्यापासून वाचला. दादाने सवयीने शेवटची तीन पानं आधी उघडली.

दादा: नेहमीचाच आहे. सगळे हक्क त्यांचे, सगळ्या देशांत, सगळ्या माध्यमांत, कायमस्वरूपी. सात दिवसांच्या सूचनेवर काम थांबवू शकतात. नाव दिलं जाईल, 'शक्यतो'.

आत्या: उद्या हिच्या गोष्टीवर सिनेमा काढला तर?

दादा: करारात तरी काही नाही. कायदा २०१२ मध्ये बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. लेखकाने रॉयल्टीचा हक्क आधीच सोडून द्यायचा नाही असं त्यात आलं. पण माझ्या खात्यात त्या नावाने आजवर काही जमा झालेलं नाही.

आत्या: आणि हे कायमस्वरूपी? आमच्याकडे बचतपत्रावरसुद्धा मुदत छापलेली असायची.

दादा: गंमत अशी आहे की करारात मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि देश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणून तर हे लोक 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन्ही न विसरता लिहितात.

आत्या: मग तिला ते दोन शब्द खोडायला सांग.

दादा: खोडले तर काम दुसऱ्या कोणाला देतील.

आत्या: तू कधी खोडून पाहिलेस?

दादा: सुरुवातीला ऐपत नव्हती.

आत्या: आणि नंतर?

दादा: नंतर सवय झाली.

आत्या: तिची अजून नोकरी आहे. म्हणजे आज तिची ऐपत आहे. राजीनामा दिल्यावर उरणार नाही.

दादाने याला विरोध केला नाही. उलट त्यानेच फोन मागून घेतला आणि भाचीला सांगितलं: मुदत पाच वर्षं माग, सिनेमा आणि पुस्तकाचे हक्क वेगळे ठेव, 'शक्यतो' काढून टाक, आणि सात दिवसांऐवजी तीस दिवस कर. चारांतलं एक जरी मिळालं तरी ते मला आजवर मिळालेल्यापेक्षा जास्त आहे, हेही म्हणाला. मागून आत्या ओरडून सांगत होती की पैसे नव्वद दिवसांनी असतील तर ते पंचेचाळीसवर आणायला सांग.

लेकीने पाचही गोष्टी कराराच्या समासात लिहून कंपनीला परत पाठवल्या आहेत. 'कायदेशीर विभागाशी बोलून कळवतो' एवढंच उत्तर आलं आहे. त्यांचं खरं उत्तर येईपर्यंत ती रोज सकाळी हिंजवडीला जाते आणि रात्री मामाने दिलेल्या एका ओळीवरून चाळीस भागांची गोष्ट लांबवता येते का ते बघते. काल तिचा फोन आला तेव्हा सतराव्या भागात अडकली होती. मामाला विचारू की आत्याआजीला, म्हणत होती. मी म्हटलं, मामीला विचार, तिने सगळ्या मालिका लिहिण्याआधी ऐकल्या आहेत.